एंटर दाबण्याआधी

'लिनक्स कमांड लाइनमध्ये स्वतःला दहापैकी किती गुण द्याल?' लिनक्स ही एक ऑपरेटिंग सिस्टिम, आणि कमांड लाइन म्हणजे माउसऐवजी शब्द टाइप करून तिला हुकूम, म्हणजे कमांड, देण्याची रीत. आयटीतल्या मुलाखतींमध्ये हा प्रश्न हमखास येतो आणि त्यावरून आपल्या मंडळींमध्ये सध्या जोरात वाद चालू आहे. मुलाखत घेणाऱ्यांची तक्रार अशी, की कालपरवा पास झालेली मुलं बिनदिक्कत आठ-नऊ सांगतात आणि एका फाइलची परवानगी बदलायला दिली की त्यांना घाम फुटतो. तेव्हा ऑप्शन्स, म्हणजे कमांडला जोडून द्यायच्या सूचना, तोंडपाठ आहेत का, हे विचारलंच पाहिजे. तरुणांचं उत्तर तयार असतं: कमांड आता एआय लिहून देतं, मग ही पाठांतराची परीक्षा कशासाठी? दोन्ही बाजू तावातावाने भांडतात, पण भांडणाच्या मुळाशी त्यांचं एकमत आहे आणि तेच मला खटकतं. कमांड लाइन येणं म्हणजे कमांड आठवणं, हे दोघांनीही धरून चाललंय. एकाला ती आठवण उमेदवाराच्या डोक्यात हवी आहे, दुसऱ्याला ती यंत्रावर सोपवायची आहे. माझं म्हणणं असं, की टर्मिनलवर, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, आपण किती पाण्यात आहोत हे आठवणीवरून ठरत नाहीच. ते ठरतं एंटर दाबण्याआधी. ही कमांड काय करेल, कशाकशाला हात लावेल आणि फसलीच तर कुठे फसेल, हे आपल्याला आधी सांगता येतं का? आणि आपण सांगितलेलं किती वेळा खरं ठरतं? ज्याचे अंदाज खरे ठरतात आणि जिथे अंदाज करता येत नाही तिथे ज्याचा हात थांबतो, त्याला कमांड लाइन येते. मग त्याला अर्धे ऑप्शन्स मॅन पेज, म्हणजे कमांडची माहितीपुस्तिका, उघडून बघावे लागले तरी बिघडत नाही.

हा निकष टर्मिनललाच का लावायचा, याला कारण आहे. लिनक्स जिच्या वळणावर बेतली आहे त्या युनिक्सचा जन्म 1969 साली बेल लॅब्जमध्ये झाला. केन थॉम्पसन, डेनिस रिची आणि त्यांचे सहकारी ही हत्यारं मुख्यतः स्वतःच्या वापरासाठी घडवत होते. त्या हत्यारांनी एक रीत पाळली आणि ती आजच्या लिनक्समध्येही टिकून आहे: काम झालं तर गप्प बसायचं. ही शांतता मोठ्या उपयोगाची आहे, कारण एका कमांडचं उत्तर पाइपमधून दुसरीच्या हाती देताना मध्ये कोणी बडबडलेलं चालत नाही. पण स्वतःचं कौशल्य जोखू पाहणाऱ्यासाठी हीच शांतता अडचणीची आहे. बरोबर कमांडही गप्प असते आणि चुकीच्या फोल्डरमध्ये व्यवस्थित चाललेली कमांडही गप्पच असते. बुद्धिबळात हरलात की कळतं, पोहताना नाकातोंडात पाणी गेलं की कळतं. इथे मात्र माणूस चुकीची समजूत घेऊन वर्षानुवर्षं सुखाने काम करू शकतो आणि त्या वर्षांना अनुभव म्हणू शकतो.

यादी क्रमाने लावणाऱ्या 'सॉर्ट' या कमांडचंच उदाहरण घ्या. आकड्यांची यादी दिली आणि काहीच सांगितलं नाही, तर 'सॉर्ट' आकड्यांना आकडे समजत नाही. ती त्यांना अक्षरांसारखं लावते आणि 10 हा 9 च्या आधी येतो. पण यादीतले सगळे आकडे दोन अंकी असतील तर उत्तर अगदी बरोबर दिसतं. उद्या यादीत 100 आला की तो 10 आणि 11 च्या मध्ये जाऊन बसेल. तोपर्यंत वापरणाऱ्याच्या मनात 'मला सॉर्ट येतं' ही खात्री पक्की झालेली असते. किंवा दुसरी गोष्ट पाहा: नावांची एक फाइल आहे, ती लावायची आहे आणि उत्तर त्याच फाइलमध्ये ठेवायचं आहे. अनेक वर्षं काम केलेली माणसंसुद्धा सहज 'सॉर्ट नावे > नावे' असं लिहून जातात. फाइल रिकामी होते. का? कारण उत्तर फाइलमध्ये वळवणाऱ्या त्या बाणाचं काम 'सॉर्ट' करत नाही, आपली ओळ वाचून कमांड सुरू करणारं शेल करतं, आणि ते आधी करतं. शेल लिहिण्यासाठी फाइल उघडतं, उघडताच ती कोरी होते, आणि मग 'सॉर्ट' सुरू होऊन त्या कोऱ्या फाइलला इमानेइतबारे क्रमाने लावतं. चूक झाल्याचा एकही शब्द पडद्यावर येत नाही. तिसरं उदाहरण याहून महागात पडणारं आहे. फाइली शोधणाऱ्या 'फाइंड'ला आधी नावाची अट आणि मग 'डिलीट' सांगितलं, तर अटीत बसणाऱ्या फाइली जातात. क्रम उलटा केला, तर अटीपर्यंत पोहोचण्याआधीच सगळं पुसलं जातं, कारण ती डावीकडून उजवीकडे एकेक गोष्ट तपासत जाते. शब्द तेच, ऑप्शन्स तेच, फक्त क्रम वेगळा. या तिन्ही ठिकाणी कुठलाही दुर्मीळ ऑप्शन ठाऊक असण्याची गरज नव्हती. कोणतं काम शेलचं, कोणतं कमांडचं, आणि कोणतं आधी होतं, एवढं डोळ्यांसमोर उभं राहायला हवं होतं. ते उभं राहतं की नाही, हे ऑप्शन विचारून कसं समजणार?

पाठांतराच्या बाजूने जे बोललं जातं त्यात तथ्य नाही असं मात्र मी म्हणणार नाही. जुन्या मराठी शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे घोकून घेत. त्या घोकंपट्टीची चेष्टा करणं सोपं आहे, पण शेर-मापट्याच्या आणि आणे-पैच्या जमान्यात ज्याला हिशेब तोंडी करायचा होता त्याला ते पाढे जन्मभर पुरले. टर्मिनलवरही हेच आहे. 'एलएस', 'सीडी', 'ग्रेप', 'लेस' या रोजच्या कमांडांसाठी थांबावं लागलं तर विचाराची साखळी तुटते. सर्व्हर बंद पडलेला असताना, फोन वाजत असताना, लॉगमध्ये, म्हणजे यंत्राच्या नोंदवहीत, नेमकी ओळ शोधणारा माणूस बोटांच्या सवयीवरच तरलेला असतो. इतकं मला मान्य आहे. पण पाढे पाठ असलेल्या जुन्या कारकुनाचं खरं कौशल्य कशात होतं? बाराची साडेतीनपट बेचाळीस हे त्याला पाठ होतं, आणि वहीत चुकून चारशेवीस लिहिलं गेलं तर त्याची नजर तिथे अडत होती. उत्तर साधारण केवढं यायला हवं हे त्याला आधीच माहीत होतं. ज्याची नजर अडत नाही त्याला पाढे येतात, हिशेब येत नाही. मुलाखतीत फाइलींचं गाठोडं बांधणाऱ्या 'टार'चे ऑप्शन्स विचारणारे पाढे तपासतात आणि हिशेब तपासल्याचं समाधान मानतात.

आता त्या दहापैकीच्या आकड्याकडे येऊ. त्याच्या बाजूनेही एक प्रामाणिक युक्तिवाद आहे. एका जागेसाठी अर्जांचा ढीग येतो, प्रत्येकाला टर्मिनलसमोर बसवायला माणसं नसतात, आणि उमेदवाराचा स्वतःबद्दलचा अंदाज ही फुकट मिळणारी माहिती आहे. माहिती म्हणून ती वाईट नाही. तिचा अर्थ लावणं वाईट आहे. आणि इथे हटकून डनिंग-क्रूगर परिणामाचं नाव घेतलं जातं. 'ज्याला कमी येतं तोच स्वतःला जास्त समजतो' म्हणत एक आलेख दाखवला जातो: सुरुवातीला आत्मविश्वासाचा उंच डोंगर, मग दरी, मग हळूहळू चढण. जस्टिन क्रूगर आणि डेव्हिड डनिंग यांच्या 1999 च्या शोधनिबंधात हा आलेख नाही. त्यांना आढळलं ते असं, की तळाच्या चौथ्या हिश्शातली माणसं प्रत्यक्षात सरासरी 12 व्या शतमानकावर, म्हणजे शंभरांत जेमतेम 12 जणांच्या वर, होती आणि स्वतःला 62 व्यावर समजत होती, तर वरच्या हिश्शातली माणसं स्वतःला प्रत्यक्षापेक्षा थोडी कमी लेखत होती. तरीही वरच्यांनी स्वतःला दिलेला आकडा खालच्यांच्या आकड्यापेक्षा मोठाच होता. 'मला काहीच येत नाही' म्हणणारा तज्ज्ञ आणि 'मला सगळं येतं' म्हणणारा अडाणी, अशी उलटापालट त्यात कुठेही नाही. शिवाय यातला काही भाग निव्वळ संख्याशास्त्रीय आहे, असा आक्षेपही नंतर अनेकांनी घेतला आहे. मग आठ सांगणाऱ्या पोराला घमेंडी ठरवायला या संशोधनाचा आधार कुठून मिळाला?

त्याच निबंधातली जी गोष्ट आपल्या खरंच कामाची आहे, ती कोणी सांगत नाही. तर्कशास्त्राच्या कोड्यांत कमी पडलेल्या लोकांना संशोधकांनी ती कोडी सोडवण्याचं थोडं शिक्षण दिलं. त्यानंतर त्यांना आपली आधीची उत्तरं तपासायला दिली, तेव्हा स्वतःबद्दलचा त्यांचा अंदाज खाली आला आणि वास्तवाच्या जवळ गेला. म्हणजे नम्रतेचा उपदेश करून काही होत नाही. उत्तर कसं तपासायचं हे शिकवलं की अंदाज आपोआप सुधारतो. याच धर्तीचं दुसरं काम लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक कील यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलं. रोजच्या वापरातल्या वस्तू कशा चालतात हे आपल्याला किती समजतं, याला लोकांनी आधी गुण दिले. मग ती यंत्रणा पायरी-पायरीने लिहून दाखवायला सांगितली, आणि त्यानंतर त्यांनी स्वतःला दिलेले गुण घसरले. टर्मिनलवर याहून सोयीची स्थिती आहे. इथे स्पष्टीकरण लिहायचं, एंटर दाबायचं, आणि ते खरं की खोटं हे पुढच्या क्षणी समोर येतं. इतकी स्वस्त आणि इतकी निष्पक्ष परीक्षा फार थोड्या विद्यांना लाभली आहे, आणि आपण ती सोडून दहापैकीचा आकडा विचारत बसतो.

महाराष्ट्रात ही सवय आपल्याला परीक्षांनी लावली, हे समजून घ्यायला हवं. लिपिक-टंकलेखकाच्या जाहिरातीत मराठी मिनिटाला 30 शब्द आणि इंग्रजी मिनिटाला 40 शब्द असं स्वच्छ लिहिलेलं असतं. टंकलेखनापुरता तो आकडा अगदी चोख आहे, कारण तिथे काम आणि माप एकच आहे. 2001 पासून एमएस-सीआयटीने गावोगावी संगणक नेला, लाखो घरांत पहिल्यांदा माउस हातात दिला. त्याचं मोल कमी करणारा माणूस तालुक्याच्या ठिकाणी राहिलेला नसणार. पण या दोन परीक्षांमुळे आपल्या मनात एक साचा बसला: संगणक येणं ही एक शिडी आहे, तिला ठरलेल्या पायऱ्या आहेत, आणि आपण कुठल्या पायरीवर आहोत हे कागदावर लिहून मिळतं. टर्मिनलला अशी शिडी नाही. एखादी बाई मजकुरातले आकडे चाळणाऱ्या 'ऑक'मध्ये पानभर हिशेब लीलया लिहील आणि नेटवर्कचं एक पोर्ट का बंद आहे हे शोधताना चाचपडेल. एखादा सिस्टिम अॅडमिन शेकडो सर्व्हर सांभाळेल आणि कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या 'गिट'मध्ये दोन फांद्या एकत्र करताना मदत मागेल. या दोघांना दहापैकी किती द्यायचे? जो आकडा द्याल तो दोघांबद्दलही खोटंच सांगेल.

प्रमाणपत्रांमध्येही फरक करायला हवा. लिनक्स पुरवणाऱ्या रेड हॅट कंपनीची आरएचसीएसए परीक्षा पर्यायांवर खुणा करून सुटत नाही. समोर चालू यंत्र असतं, कामं करून दाखवायची असतात, इंटरनेट नसतं पण मॅन पेजेस असतात, आणि केलेला बदल यंत्र रीबूट झाल्यावरही टिकला पाहिजे, अशी अट असते. ही शेवटची अट मला फार मोलाची वाटते. आत्ता चाललं एवढ्यावर ती समाधान मानत नाही; मी आत्ता केलेल्या गोष्टीचं पुढे काय होणार, हे परीक्षार्थ्याला ओळखावं लागतं. चांगल्या परीक्षा आपोआपच अंदाजाकडे सरकतात.

माझ्या मताविरुद्धचा सगळ्यात जड आक्षेप मात्र वेगळाच आहे. ज्यांच्या ज्ञानाबद्दल कुणालाच शंका नसते अशी माणसंही भयंकर चुका करतात. मग अंदाजक्षमतेचं एवढं कौतुक कशाला? 31 जानेवारी 2017 च्या रात्री गिटलॅब या प्रोग्रॅमरांचा कोड साठवून ठेवणाऱ्या कंपनीत जे झालं ते या आक्षेपाचं सर्वोत्तम उदाहरण आहे. मुख्य डेटाबेसची नक्कल दुय्यम सर्व्हरवर पुन्हा उभी करायची होती. नक्कल करणारी कमांड काहीच न बोलता अडून बसली होती. दुय्यम सर्व्हरवरचं जुनं फोल्डर आड येत असेल असं समजून एका अनुभवी इंजिनिअरने ते पुसायला 'आरएम -आरएफ' ही न विचारता सगळं पुसणारी कमांड चालवली, आणि ती मुख्य सर्व्हरवर चालली. एक-दोन सेकंदांत लक्षात आलं, थांबवलं, तोवर सुमारे 300 जीबीमधले साडेचार जीबी उरले होते. रोजच्या रोज होत असायला हवेत ते बॅकअप होतच नव्हते, कारण बॅकअप घेणाऱ्या हत्याराची आवृत्ती डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नव्हती, आणि त्याबद्दलचे इशाऱ्याचे मेल नाकारले जात होते. योगायोगाने सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली एक प्रत होती, म्हणून निभावलं. तरी सहा तासांचा डेटा गेलाच.

ही घटना माझ्या विरुद्ध जाते का? मला तसं वाटत नाही. त्या इंजिनिअरला 'आरएम -आरएफ' काय करतं हे उत्तम माहीत होतं. पाठांतराच्या कुठल्याही परीक्षेत तो पहिला आला असता. चुकलं ते आधीच्या दोन प्रश्नांपाशी: ही कमांड गप्प का आहे, आणि मी आत्ता कुठे आहे? पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्याने अंदाजाने भरलं, दुसऱ्याचं गृहीत धरलं. कमांड काय करेल हे सांगणं म्हणजे तिचा अर्थ सांगणं नव्हे. ती या यंत्रावर, या फोल्डरमध्ये, या घटकेला काय करेल हे सांगणं. गिटलॅबनेही नंतर जी कामं हाती घेतली त्यात एक साधं काम होतं: कुठल्या सर्व्हरवर आहोत हे प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या ओळीच्या सुरुवातीला, ठळक दिसावं. त्यानंतर महिनाभरातच, 28 फेब्रुवारीला, अॅमेझॉनची डेटा साठवणारी एस3 सेवा काही तास कोलमडली. ठरलेल्या पद्धतीने काम करणाऱ्या अधिकृत माणसाने एका कमांडमधला एक भाग चुकीचा भरला आणि हवे त्यापेक्षा बरेच जास्त सर्व्हर काढले गेले. अॅमेझॉनने ते हत्यारच बदललं: आता ते सावकाश काढतं आणि ठरावीक मर्यादेखाली जाऊ देत नाही. माणसाचा अंदाज चुकणारच, हे धरून हत्यारं बांधली पाहिजेत, हे शंभर टक्के खरं. पण मर्यादा कुठे घालायची हे ठरवायलाही, काय काय होऊ शकतं हे आधी दिसणारा माणूसच लागतो.

नुसती भीती वाटणं पुरत नाही, हेही सांगून टाकतो. जानेवारी 2015 मध्ये स्टीम या संगणकावरचे गेम विकणाऱ्या सेवेच्या लिनक्स आवृत्तीतल्या एका स्क्रिप्टने काही लोकांच्या घरच्या सगळ्या फाइली पुसल्याचं उघडकीला आलं. स्क्रिप्ट आधी स्वतःचं फोल्डर शोधायची, ते एका व्हेरिएबलमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या कप्प्यात, ठेवायची आणि त्याच्यापुढे तिरपी रेघ आणि तारा लावून 'आरएम -आरएफ' करायची. फोल्डर सापडलं नाही तर व्हेरिएबल रिकामं, आणि मग उरलेल्या तिरप्या रेघेचा अर्थ होतो संपूर्ण यंत्र. त्या ओळीच्या वरच, लिहिणाऱ्याने हे भयावह आहे अशी एका शब्दाची टीप ठेवली होती. त्याला धोका जाणवला होता. 'हे व्हेरिएबल रिकामं असेल तर ही ओळ कशी दिसेल?' हा एक प्रश्न तेवढा कागदावर सोडवून पाहिला गेला नाही.

एआयवाल्या मित्रांना मी इथेच उत्तर देईन. हो, एआय कमांड लिहितं आणि बहुतेक वेळा चांगली लिहितं. मला स्वतःला 'जेक्यू' किंवा 'एफएफएमपेग'सारख्या क्लिष्ट कमांडची लांबलचक ओळ हाताने रचण्यात आता काही अर्थ वाटत नाही. पण विचार करा, लिहिण्याचं काम गेल्यावर माणसाच्या हाती उरलं काय? 'ही कमांड चालवू का?' या प्रश्नाला हो किंवा नाही म्हणणं. म्हणजे नेमकं तेच काम, जे मी कौशल्याचं माप म्हणतो आहे. जुलै 2025 मध्ये रेप्लिट या एआयकडून प्रोग्रॅम लिहून देणाऱ्या कंपनीच्या एआय एजंटने, बदल करू नकोस असं सांगितलेलं असताना, एका व्यवसायाचा चालू डेटाबेस पुसला; कंपनीच्या प्रमुखांना जाहीर माफी मागावी लागली. 'एआयलाच विचारू की ही कमांड काय करेल' हा प्रतिवाद मला कमकुवत वाटत नाही; शिकण्यासाठी तर तो उत्तम मार्ग आहे. पण तुमच्या त्या फोल्डरमध्ये नावात मोकळी जागा असलेली फाइल आहे का, ते व्हेरिएबल आज रिकामं आहे का, दुसऱ्या खिडकीत प्रॉडक्शन, म्हणजे ग्राहक वापरत असलेली खरी यंत्रणा, उघडलंय का, हे त्याला तुम्ही दाखवल्याशिवाय किंवा त्याने तपासल्याशिवाय कसं कळेल? आणि त्याने दिलेलं स्पष्टीकरण खरं की खोटं, याचा निवाडा कोण करणार? ज्याला अंदाज करता येत नाही त्याला स्पष्टीकरणही तपासता येत नाही.

मराठीत काम करणाऱ्यांना तर यातून सुटका नाहीच. 1986 मध्ये 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम' या संगणकशास्त्राच्या मासिकातल्या जॉन बेंटली यांच्या सदरात एक गाजलेला सामना झाला. एखाद्या मजकुरात सर्वाधिक वेळा येणारे शब्द शोधायचे, हा प्रश्न. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांनी त्यासाठी कित्येक पानांचा देखणा प्रोग्रॅम लिहिला, आणि परीक्षण करताना डग मॅकिलरॉय यांनी तेच काम पाइपने जोडलेल्या सहा कमांडांत करून दाखवलं. पाइपची कल्पना मुळात मॅकिलरॉय यांचीच, त्यामुळे ते सहा टप्पे आजही शिकवणीत आदर्श म्हणून दाखवले जातात. आता तीच ओळ एखाद्या शुद्ध मराठी लेखावर चालवली तर काय होईल? आधी सांगा, मग चालवा. पहिला टप्पा रोमन ए ते झेड सोडून बाकी सगळ्याच्या जागी नवी ओळ घालतो आणि लागोपाठच्या नव्या ओळी एकत्र करतो. आपल्या लेखात रोमन अक्षर एकही नाही, म्हणजे अख्खा लेख एका रिकाम्या ओळीत वितळतो. शेवटी उत्तर येतं: रिकामी ओळ, आणि तिच्यापुढे 1. चूक झाली असं कोणी म्हणत नाही. 'मराठी' या शब्दाचंही तसंच. वाचणाऱ्याला तीन अक्षरं दिसतात, युनिकोड या अक्षरांच्या जागतिक यादीत पाच चिन्हं असतात, आणि ती साठवण्याच्या यूटीएफ-8 पद्धतीत प्रत्येकी तीन या हिशेबाने पंधरा बाइट्स. मोजणी करणाऱ्या 'डब्ल्यूसी' कमांडला बाइट्स मोजायला सांगितलं तर 15, चिन्हं मोजायला सांगितलं तर योग्य भाषा-मांडणीत 5, आणि आपल्याला हवे असलेले 3 ती देतच नाही. जो मराठी मुलगा हे तिन्ही आकडे आधी सांगेल, त्याला 'डब्ल्यूसी'चे ऑप्शन्स आठवले नाहीत म्हणून मी परत पाठवणार नाही.

मग घरबसल्या स्वतःला जोखायचं कसं? हवामानवाल्यांनी हा प्रश्न फार पूर्वी सोडवला आहे. 1950 मध्ये अमेरिकेच्या हवामान खात्यातले ग्लेन ब्रायर यांनी अंदाजांना गुण देण्याची रीत मांडली. 'पाऊस पडेल' एवढं म्हणून चालत नाही; किती खात्रीने म्हणता ते सांगायचं, आणि मग प्रत्यक्षाशी ताडून पाहायचं. सत्तर टक्के म्हटलेल्या दिवसांपैकी साधारण सत्तर टक्के दिवशी पाऊस पडला, तर तुमची खात्री विश्वासार्ह. टर्मिनलवर हेच करावं. कामाच्या ओघात प्रत्येक 'एलएस'साठी नव्हे. तसं केलं तर काम ठप्प होईल, आणि बेधडक करून बघण्यातला आनंदही जाईल, जो शिकण्यासाठी फार गरजेचा आहे. पण वेगळं फोल्डर करून, त्यात टाकाऊ फाइली ठेवून, नवी कमांड चालवताना एका वहीत आधी लिहावं: काय छापलं जाईल, कुठली फाइल बदलेल, आणि मला किती खात्री आहे. चुकलं की कारण शोधावं. पाइपमध्ये पहिली कमांड फसली तरी शेवटची यशस्वी झाली म्हणून शेल सगळं ठीक असल्याचं सांगतं, हे अनेकांना असं वहीतल्या चुकीच्या अंदाजातूनच कळतं. ज्यांच्या बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये डेटाबेसचा 'डंप', म्हणजे त्याची पूर्ण प्रत, पाइपने थेट फाइल आकसून ठेवणाऱ्या 'जीझिप'मध्ये जातो आणि मधली चूक कळवायला लावणारं 'पाइपफेल' लावलेलं नाही, त्यांनी ते आजच तपासावं. काही आठवड्यांनी वही उलगडली की दिसतं, फाइलींच्या कामात आपले अंदाज पक्के आहेत, परवानग्यांमध्ये बरे आहेत, आणि मजकूर बदलणाऱ्या 'सेड'मध्ये आपण नुसतेच आत्मविश्वासाने बोलतो आहोत. हे तीन वेगळे निकाल दहापैकीच्या कुठल्याही आकड्यापेक्षा खरे आहेत.

याच रीतीने कॉलेजची प्रॅक्टिकल परीक्षा बदलता येईल, आणि मला खरी आच तिचीच आहे. ऑपरेटिंग सिस्टिमच्या जर्नलमध्ये वर्षानुवर्षं तेच शेल स्क्रिप्ट, तेच आउटपुट एका हातातून दुसऱ्या हातात उतरतं; सबमिशन होतं, सही होते, आणि व्हायवाला एक्स्टर्नल फाइलीच्या परवानग्या बदलणारं 'सीएचमॉड 755 म्हणजे काय' विचारतात. यात मुलांचा दोष नाही. जे विचारलं जातं ते ती पाठ करतात. त्याऐवजी परीक्षकाने दहा ओळींची एक फाइल आणि तीन कमांड कागदावर द्याव्यात. मॅन पेज बघायची मुभा असावी. मुलाने प्रत्येकीचं उत्तर आधी लिहावं, सोबत 'खात्री आहे', 'वाटतं' किंवा 'माहीत नाही' यांपैकी एक लिहावं, आणि मग स्वतःच मशीनवर चालवून दाखवावं. खात्रीने लिहिलेलं बरोबर आलं तर पूर्ण गुण, खात्रीने लिहिलेलं चुकलं तर गुण वजा, 'वाटतं' म्हणून लिहिलेल्याला बरोबर आल्यास अर्धे आणि चुकल्यास शून्य, आणि 'माहीत नाही'ला काही वजा न करता पुढचा प्रश्न. मुलाखत घेणाऱ्यांनाही हाच कागद चालेल. दहा मिनिटांचं काम आहे, आणि उमेदवार चुकल्यावर 'असं का झालं असेल?' एवढं विचारायला आणखी पाच.